काठावरचा पहारा

शनिवार, ६ जून १९३१

माझ्या बायकोने, लॉटीने, नवी वही आणून दिली. म्हणाली, "जुन्या वहीत तू नुसता पाऊस आणि गाड्यांचा उशीर लिहिलास. मी मेले तर त्यात एवढंच यायचं, आज लॉटी गेली, दुपारची गाडी वेळेवर." म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

आज मंडळाची बैठक होती. नावाडी बंधुसंघ, आमच्या पार्सन्स वेल गावची शाखा, आपसांत शपथा आणि गुप्त खुणा पाळणारी. साठ मैलांत नाव चालेल एवढं पाणी नाही आणि आम्ही नावाडी, म्हणून बाहेरचे लोक हसतात. हसू देत. माझं पद 'काठावरचा'. बंधू आत बसले की दार लावून घ्यायचं, वल्हं हातात धरून बाहेर उभं राहायचं आणि परक्याला आत सोडायचं नाही. हे वल्हं एरवी बेकर भट्टीत पाव सारायला मागून नेतो. मी देत नाही. तरी नेतो.

म्हाताऱ्या ट्रेव्हरोचं नाव आज पुकारलं. तो गेल्या महिन्यात गेला. आमच्यात रीत अशी आहे की गेलेल्या बंधूचं नाव पुढच्या बैठकीच्या हजेरीत शेवटचं एकदा घेतात. आत सगळे गप्प राहतात आणि उत्तर बाहेरून काठावरच्याने द्यायचं, "पलीकडे पोचला." मग नाव खोडतात. आत ऐकू जावं म्हणून मी मोठ्याने म्हणालो. आत कोणीतरी नाक शिंकरलं.

क्लेम आला होता. क्लेम पेंगिली आता राज्याचा बांधकाम मंत्री आहे, पण महिन्याच्या पहिल्या शनिवारी अ‍ॅडलेडहून गाडीने येतोच. बावीस वर्षांपूर्वी तो इंजिनं पुसायचा आणि मी सिग्नलच्या केबिनमध्ये होतो. अजूनही आहे. त्याला मंडळात मीच आणलं. बायको गेल्यापासून त्याला दुसरं घर नाही, आमच्या मागच्या खोलीत उतरतो. जेवताना म्हणाला, "आत बसलो की दोन तास मला कोणी मंत्री म्हणत नाही, लॉटी. तेवढ्या दोन तासांवर मी महिना काढतो."

लॉटीने त्याला दुसरी पेस्टी वाढली, मांस-बटाटा भरून भाजलेली. "खा. मंत्र्यासारखा वाळला आहेस."

त्याने मग संपाच्या वर्षाची गोष्ट काढली. त्याला कामावरून काढलं होतं, फलाटावर पोलीस त्याला धरून नेत होते, तेव्हा त्याने बुडत्याची खूण केली. उजवा हात खांद्याइतका वर, तळवा समोर, अंगठा आत मिटलेला. ती दिसली की बंधूने हातचं काम टाकून जायचं आणि त्याच्या शेजारी उभं राहायचं, एक शब्द विचारायचा नाही, अशी आमची शपथ आहे. मी केबिन सोडून गेलो आणि त्याच्या शेजारी उभा राहिलो. मालगाडी बाहेर शिट्ट्या मारत होती. मला तेव्हा कामावरून पंधरा दिवस घरी बसवलं. क्लेम ही गोष्ट दरवेळी सांगतो आणि दरवेळी मालगाडीचे डबे वाढतात.

शनिवार, १८ जुलै

कपातीचा कायदा झाला. रेल्वेचे पगार, म्हाताऱ्यांची पेन्शन, सगळ्याचा पाचवा हिस्सा गेला. क्लेमच्या मजूर पक्षाचं म्हणणं होतं की कायद्याला मत द्यायचं नाही. क्लेमने कायद्याच्या बाजूने मत दिलं. पक्षाने त्याला काढून टाकलं, मंत्रिपद तेवढं राहिलं. यार्डाच्या भिंतीवर कोणीतरी खडूने उंदीर काढला आहे, शेपटीत पेंगिलीचं नाव. इथे आपल्या माणसांना सोडून जाणाऱ्याला उंदीर म्हणतात, याहून वाईट शिवी नाही.

लॉटीच्या आईचीही पेन्शन कापली गेली. लॉटीने मागच्या खोलीतल्या पलंगाच्या चादरी काढून टाकल्या.

"संपात सहा महिने माझ्या हातचं खाल्लं त्याने," ती म्हणाली. "माझ्या आईच्या ताटातलं काढताना आठवलं नाही?"

मी म्हणालो, त्याची काही बाजू असेल.

"असू दे. ती घेऊन त्याने हॉटेलात झोपावं."

शनिवार, १ ऑगस्ट

मंडळ उघडलं नाही. नियमाप्रमाणे उघडायला सात बंधू लागतात, मला धरून. आज सहाच आले. हार्वी नँकिव्हल, जो यंदाचा आमचा 'सुकाणू', म्हणजे प्रमुख. औषधवाला बर्ड. दोघे म्हातारे हॉकिंग भाऊ, ज्यातला एक बहिरा आणि दुसरा त्याच्यासाठी ओरडणारा. क्लेम आणि मी. बाकी सगळ्यांना नेमकं आजच काहीतरी निघालं. एकाची गाय व्याली, तिघांना पडसं, एकाच्या मेहुणीकडे बारसं. हवा खरोखर वाईट आहे.

बाहेरच्या खोलीत चहा पीत सात वाजेपर्यंत थांबलो. हार्वीने घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "सलग तीनदा असं झालं तर सनद अ‍ॅडलेडला परत करावी लागते. शाखा बंद." थोरला हॉकिंग भावाच्या कानात ओरडला, "शाखा बंद म्हणतोय!" धाकटा म्हणाला, "दार लाव मग, गार वारा येतोय."

सगळे गेल्यावर क्लेम बसून राहिला. म्हणाला, "सायलस, तू तरी विचार."

"काय विचारू?"

"का केलं ते. सगळे विचारतात ते शिव्या घालायला. तू नीट विचार. मला एकदा नीट सांगायचं आहे."

मी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. 'या वास्तूत धर्म आणि राजकारण बोलू नये.'

"अरे, मंडळ उघडलंच नाही."

"पाटी तर आहे ना."

तो हसला. मग हॅट घेऊन हॉटेलात गेला. जाताना वाकून पेले धुऊन ठेवले, मंत्री असून. मला वाईट वाटलं, पण या नियमावरच मंडळ पंचेचाळीस वर्षं टिकलं. तो वाकवला तर उद्या इथे मारामाऱ्या होतील.

रविवार, २ ऑगस्ट

सकाळच्या गाडीने क्लेम गेला. मी केबिनमधून हात केला. त्याचं लक्ष नव्हतं.

शनिवार, ५ सप्टेंबर

पुन्हा तेच सहा. पण आज जवळजवळ जमलं होतं. साडेसहाला फिटर टेड ओट्स आला. सातवा! मी वल्हं उचलून तयार झालो. टेडने आत डोकावलं, खुंटीवर क्लेमची हॅट दिसली, आणि म्हणाला, "घोड्याला पाणी पाजून येतो."

आम्ही आठपर्यंत वाट पाहिली. क्लेम दाराकडे तोंड करून बसला होता, मांडीवर मंडळाचा खांद्यावरचा झालरीचा पट्टा घडी घालून. आला नाही टेड.

घरी येऊन लॉटीला सांगितलं, टेडचा घोडा आजारी असावा, फारच वेळ लागला. ती भांडी घासता घासता थांबली.

"टेड ओट्सकडे घोडा कुठंय, सायलस?"

खरंच की. तो पायीच येतो.

आता ३ ऑक्टोबरची एकच बैठक उरली. मी एकेकाच्या घरी जाऊन सांगणार आहे. सातवा माणूस मिळाला नाही तर क्लेमला ते दोन तासही राहणार नाहीत, आणि मला दार.

शनिवार, १२ सप्टेंबर

टाउन हॉलमध्ये क्लेमची सभा झाली. मतदारांना समजावून सांगणार होता. त्याला कोणीतरी सांगायला हवं होतं की येऊ नकोस. मी सांगायला हवं होतं का? मला वाटलं ते राजकारण झालं.

हॉल खच्चून भरला होता. मी मागे उभा राहिलो. मंडळाचे दहा जण मोजले, माझ्यासह अकरा. क्लेम उभा राहिला आणि म्हणाला, "तिजोरीत डिसेंबरपर्यंत पुरेल एवढंही नव्हतं. सगळ्यांचं थोडं कापायचं की काहींचं सगळं, एवढंच मला विचारलं गेलं." पुढचं कोणाला ऐकू आलं नाही. लोक पाय आपटायला लागले. एका बाईने विचारलं, "तुझं किती कापलं रे, क्लेम?" त्याने सांगितलं, तेही पायांच्या आवाजात गेलं. मग पुढच्या रांगेतून मेलेला उंदीर व्यासपीठावर पडला, त्याच्या बुटांपाशी. लोक हसले. सगळे हसले.

क्लेमने खाली पाहिलं. मग त्याने उजवा हात वर केला, खांद्याइतका, तळवा समोर. लोकांना वाटलं, शांत व्हा म्हणतोय, ते जास्तच ओरडले. अंगठा आत होता. मी पाहिला. हात बराच वेळ वर होता.

मी हार्वीकडे पाहिलं. हार्वी बुटांकडे पाहत होता. बर्डने चष्मा काढून पुसायला घेतला. टेड ओट्स पाइप पेटवत होता, काडी विझली तरी ओढत होता. म्हणजे त्यांच्या नजरेला आलं नसावं. आणि मी विचार केला की ही राजकीय सभा आहे, राजकारण आणि मंडळ एकत्र आणायचं नाही, तेव्हा इथली खूण नियमात बसते की नाही हे आधी ठरायला हवं. मी तो विचार करत असतानाच त्याने हात खाली घेतला, कागद गोळा केले आणि मागच्या दाराने गेला.

लॉटीला सांगितलं. ती म्हणाली, "संपाच्या वेळी फलाटावर तू गेलास. संप हे राजकारण नव्हतं का?"

मी म्हणालो, तेव्हा मी तरुण होतो, मला नियम एवढे माहीत नव्हते.

सोमवार, १४ सप्टेंबर

झोप नीट लागत नाही. हार्वीच्या दुकानात जाऊन विचारलं. तो कोणाचीतरी दाढी करत होता. गिऱ्हाईक जाईपर्यंत बोलला नाही.

"मी काही पाहिलं नाही," तो म्हणाला. "तू पाहिलंस?"

"पाहिलं."

"मग कोणाला बोलू नकोस."

"पण राजकीय सभेत खूण लागू होते का, हार्वी? तू सुकाणू आहेस."

त्याने वस्तरा धुतला, पुसला, पुन्हा धुतला. "नसेल होत. तू बरोबर केलंस."

मला बरं वाटलं. तरी पक्कं असावं म्हणून अ‍ॅडलेडच्या मुख्य मंडळाला पत्र टाकलं. क्लेमचं नाव लिहिलं नाही, फक्त प्रश्न. क्लेमलाही दोन ओळी लिहायला बसलो होतो, पण म्हटलं, उत्तर येऊ दे, मग नक्की काय ते लिहिता येईल.

रविवार, २० सप्टेंबर

चौदा घरं फिरलो. सगळे नीट बोलले. चहा दिला. ३ तारखेला कोणालाही जमणार नाही.

टेड दारातच म्हणाला, "माझ्या मनात तुझ्याबद्दल काही नाही, सायलस. तुझं मंडळ जाईल याचं मला वाईट वाटतं. पण त्याच्या शेजारी मी बसणार नाही. माझ्या घरात पाच पोरं आहेत."

"हे राजकारण झालं, टेड."

"हो," तो म्हणाला. "झालं."

गुरुवार, २४ सप्टेंबर

दुपारच्या गाडीने क्लेमचं पार्सल आलं. मंडळाचा पट्टा, नावेचा बिल्ला, पांढरे हातमोजे. सगळं धुऊन इस्त्री केलेलं. चिठ्ठीत लिहिलंय: 'सायलस, हे हार्वीकडे दे. मालगाडीला खरं तर नऊच डबे होते. लॉटीला सांग, तिची पेस्टी कुठेच मिळाली नाही. क्लेम.'

पट्ट्याची झालर एका बाजूने उसवली होती, त्यासाठीच पाठवला असणार. शहरात कोण शिवून देणार. मी रिळ शोधायला लागलो. ३ तारखेला बिनझालरीचा पट्टा बरा दिसत नाही.

लॉटीने चिठ्ठी दोनदा वाचली. "शहरात जाणारी गाडी आहे का आज?"

"गेली. सकाळीच."

"उद्याची?"

"सात दहा. का?"

तिने कोट चढवला आणि पोस्टात गेली. परत आली आणि मागच्या खोलीत चादरी घालू लागली. मी म्हणालो, चला, राग गेला एकदाचा. मला फार बरं वाटलं. झालर शिवून झाली. टाके जरा मोठे आले.

शुक्रवार, २५ सप्टेंबर

क्लेम गेला. काल दुपारीच. स्टेशन मास्तरला तारेने कळलं, त्याने केबिनमध्ये येऊन सांगितलं. पेपरात हृदयविकार म्हटलं आहे. एवढ्या कामाने हृदयाला ताण पडणारच.

लॉटीला सांगितलं तर ती म्हणाली, "हो." एवढंच. मग ताटं मांडताना, "तुझ्या हृदयाला काही होत नाही ना, सायलस?" मला ते लागलं. का लागलं ते कळत नाही.

रविवार, २७ सप्टेंबर

क्लेमला इथेच पुरलं, बायकोच्या शेजारी.

मंडळाचा अंत्यविधी करायचा तर कबरीपाशी मंडळ उघडावं लागतं. मला वाटलं, सात कुठून आणायचे. एकोणीस आले. पडसंवाले, गायवाला, मेहुणीवाला. टेड ओट्स पांढरे हातमोजे घालून आला आणि सगळ्यांच्या आधी आला. आता क्लेम राजकारणात नव्हता ना.

मी मात्र काही पाहिलं नाही. काठावरच्याने फाटकावर उभं राहायचं, कबरीकडे पाठ करून. मागे माती पडल्याचा आवाज येत होता. समोर रस्त्यावर एक कुत्रा आणि दोन्ही बाजूंना हिरवा गहू. यंदा पीक चांगलं आहे, भाव नाही.

परतताना हार्वीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "कबरीपाशी उघडलेलं मंडळही बैठकीत धरतात. सनद शाबूत राहिली, सायलस." मी हो म्हणालो. सात लागत होते, आणि एकोणीस आले. रडू आलं ते मी फाटकाच्या बाहेर आल्यावर. मला माझा मित्र हवा होता, सनद नको होती.

रात्रीच्या जेवणाला लॉटीने सांगितलं. गुरुवारी पोस्टातून तिने त्याला तार केली होती, 'खोली तयार आहे. ये.' ती त्याच्या खोलीच्या दाराखाली तशीच बंद सापडली.

मी विचारलं, "तुला कसं कळलं?"

"इस्त्री करून कोण शिवायला टाकतं, सायलस?"

शुक्रवार, २ ऑक्टोबर

अ‍ॅडलेडहून उत्तर आलं. छापील कागद, खाली सही. 'बंधू पास्को यांस. खुणेला स्थळाचा वा प्रसंगाचा अपवाद नाही. पाहणाऱ्या बंधूने उठायला हवे होते.'

हार्वीकडे नेलं. त्याने वाचलं, घडी घातली, आणि शेगडीचं झाकण उघडून आत टाकलं. "पुढच्या वेळी लक्षात ठेवू," म्हणाला. पण ते वाक्य मला पाठ झालं होतं.

शनिवार, ३ ऑक्टोबर

बैठक झाली. सगळे आले, पडसं कोणालाच नव्हतं. खुंट्या कमी पडल्या, हॅटवर हॅट अडकवावी लागली. क्लेमच्या खुंटीवर टेडने हॅट ठेवायला हात नेला, मग काढून बाकावर ठेवली. मी दार लावलं आणि वल्हं घेऊन उभा राहिलो.

आत हजेरी सुरू झाली. मला ती ओळीने पाठ आहे. ओट्स. पास्को, म्हणजे मी, मी दारावर एकदा ठोकलं. मग हार्वी थांबला आणि म्हणाला, "बंधू क्लेमेंट पेंगिली."

आत सगळे गप्प. आता माझी पाळी होती. दोनच शब्द म्हणायचे होते, ट्रेव्हरोसाठी म्हटले, त्याआधी इतरांसाठी म्हटले. तोंड उघडलं आणि तो हात दिसला, अंगठा आत मिटलेला.

हार्वीने दुसऱ्यांदा पुकारलं.

मी म्हणालो, "बुडाला."

आत कोणाचीतरी खुर्ची सरकली. हार्वीने तिसऱ्यांदा पुकारलं, हळू, मला सावरून घ्यायला वेळ देत. "बंधू क्लेमेंट पेंगिली."

"बुडाला," मी म्हणालो. "अकरा जण बघत होतो. मी धरून."

 दार कोणी उघडलं नाही. मी थोडा वेळ वाट पाहिली, मग वल्हं भिंतीला टेकवलं, चहाचं आधण शेगडीवरून उतरवलं, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा दार तसंच सोडून घरी आलो. लॉटीने मागच्या खोलीतला पलंग अजून घातलेलाच ठेवला आहे. हजेरीतलं नाव त्यांनी खोडलं की नाही, मला माहीत नाही.